रासबेरीवरची अळी

“बाबा, औषध नको हं. तेजू तिथलीच फळं खाते,” वेदिका पडवीतून सासऱ्यांना म्हणाली.

महिपतने रासबेरीचं पान उलटलं. पानाची नुसती चाळण झाली होती आणि खाली हिरव्या अळ्या, पंगतीत बसल्यासारख्या. अंगणाच्या दगडी गडग्याशी लावलेलं ते काटेरी झुडूप त्याने नातीसाठी आंबा घाटातून आणलं होतं.

वेदिकाने मोबाइलमध्ये अळी मोठी करून पाहिली होती. “पाय जास्त आहेत. फुलपाखराची नव्हे, करवतमाशीची आहे. हाताने वेचू या.”

“माशीची असू दे नायतर हत्तीची. पाला खातेय ना?”

तरी तो वेचायला बसला. तीस वर्षं त्याने लोकांच्या आंब्यांवर फवारणी केली होती. शेंड्याचा मोहरही चुकायचा नाही. आता चिमटीत अळी येईना. पान फाटायचं, अळी तिथेच.

“वय झालं,” तो म्हणाला.

गेलं वर्षभर बाबा चहा अर्धाच कप का मागतात, हे वेदिकाला कळून चुकलं होतं.

कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली. परत आली तर फवारणीचा पंप अंगणात.

“नुसतं पाणी हाय गो. धुऊन काढतो त्यांना.”

नोझल तुंबलं होतं. महिपतने ते काढलं, सवयीने ओठांत धरून जोरात फुंकलं, पंपावर ठेवलं आणि तो बादलीकडे वळला. वेदिका पायरी उतरेपर्यंत तीन वर्षांच्या तेजूने तेच नोझल तोंडात घेऊन गाल फुगवले होते.

वेदिकाने ते हिसकावलं. पोर रडू लागली.

“तोंडात घेता तुम्ही? गेल्या हंगामाचं विष असेल त्यात!”

“तीस वर्षं असाच फुंकतोय. काय झालं मला?”

बोलताना त्याने हात पुढे केला. हात लटलट कापत होता. दोघंही त्या हाताकडे बघत राहिली.

मग रिक्षा, रत्नागिरी, दवाखाना. नोझल सुकलेलं होतं म्हणून निभावलं, डॉक्टर म्हणाले. तरी तेजूला दोन दिवस ठेवून घेतलं. निघताना त्यांनी महिपतला दोन्ही हात समोर धरायला लावले. बराच वेळ पाहिलं.

“फवारणीच्या विषाचं कापरं आहे हे, आजोबा. आता मागे फिरणार नाही.”

घरी आले तेव्हा रासबेरीला काटेच उरले होते. एक फळ तेवढं राहिलं होतं. तेजूने ते तोडलं आणि नेहमीसारखी आजोबांकडे धावली.

“आबा, आ करा.”

महिपतने ओठ घट्ट मिटले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

“आईला दे, बाळा,” तो म्हणाला. “आधी धुवायला सांग.”