देवीच्या कुंडातले चिनी मासे

रंगूबाईनं नवस बोलताना फार विचार केला होता. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे कोंबडं-बकरं कापायची सोय नव्हती. आणि पोरगं ब्रह्मदेशात लढाईवर, तेव्हा नुसत्या नारळावर भागवणंही बरं दिसलं नसतं. शेवटी ती देवीला म्हणाली, "आई, माझ्या अर्जुनाला जित्ता आण. तिकडचं काय तरी जित्तंच आणून तुझ्या कुंडात सोडीन." तिकडचं म्हणजे काय, ते तिकडे गेलेल्यानं बघावं.

लढाई संपली आणि सेहेचाळीस सालच्या माघात अर्जुना रहिमतपूर स्टेशनावर उतरला तो रॉकेलचा डबा पोटाशी धरूनच. डब्यात दोन सोनेरी मासे होते. जखमी होऊन तो कलकत्त्याच्या दवाखान्यात पडला होता, तेव्हा गल्लीतल्या एका म्हाताऱ्या चिनी दुकानदाराशी त्याची ओळख झाली. आईनं पत्रातून कळवलेल्या नवसाचं ऐकून त्या बुवानं हे दोन काढून दिले. अर्जुनानं स्टेशनास्टेशनावर पाणी बदलत ते जगवले. वडूजच्या मोटारीत माशांचं तिकीट कुणी मागितलं नाही, तेवढीच सवलत.

सिद्धू गुरवाच्या हयातीत असा नवस आला नव्हता. त्यानं देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवून कौल लावला. उजवं फूल आधी पडलं, म्हणजे देवीला मंजूर. मासे कुंडात सोडले. सारं गाव बघायला लोटलं. शेजारची राहीबाई म्हणाली, "आगं बया, अंगभर दागिनं घालून आल्यात की गं!"

नवस फिटला, आता रंगूबाईनं सुखानं दोन घास खावेत. पण तिला घास गिळवेना, कारण आलेला अर्जुना तिला पुरता वाटत नव्हता. लढाईवर गेलेलं पोरगं मोटेवर बसलं की शिवारभर ऐकू जाईल असं गाणं म्हणायचं. आलेला माणूस मुकाट्यानं बैल हाकायचा, भिंतीला पाठ लावून जेवायचा आणि आपलं ताट आपणच घासून ठेवायचा. मोटारीचा फटाक्यासारखा आवाज झाला की रस्त्यात पालथा पडायचा. पोरं त्याला पलटणीची कवायत समजून मागोमाग पालथी पडत. रंगूबाईला मात्र वाटे, देवीनं अर्धाच अर्जुना पाठवलाय. नवसात कुठंतरी खोट राहिली असणार.

ती खोट आषाढात सापडली. कुंडात पिल्लं झाली होती, आणि झाडून सगळी काळपट! ओढ्यातल्या चिंगळ्या माशांत टाकली तर ओळखू येऊ नयेत इतकी. सिद्धूनं पुन्हा कौल लावला. या खेपेला डावं फूल पडलं. वारा सुटला होता, पण कौलाला वाऱ्याचं कारण चालत नाही.

"देवीनं सोनं काढून घ्येतलं, रंगूबाई," सिद्धू म्हणाला. "नवस उलाटला."

दुसऱ्या दिवशी रंगूबाई पिठाची चाळण आणि घागर घेऊन कुंडावर जाऊन बसली. चाळण बुडवायची, काळं पिल्लू उचलायचं, घागरीत टाकायचं. मारायचं तर नव्हतंच. घागर भरली की मळ्यातल्या विहिरीत नेऊन ओतायची. विहिरीत मासा असला की पाण्यात किडे होत नाहीत, एवढं तरी पदरात पडेल.

अर्जुना तिला शोधत आला. घागरीत डोकावला आणि पायरीवर टेकला.

"आये, त्यो चिनी बुवा म्हनायचा, ह्यांचं वाडवडील आसंच हुतं. काळं-करडं, नदीतलं. लोक खायाचं त्यास्नी. मग यखांदा सोनेरी निघाला. त्यो काय कुनाला खाववंना. तिकडंबी देवळाम्होरं तळी आस्त्यात, पुन्य लागतं म्हून लोक जित्तं जनावर सोडत्यात. त्यात सोडला. त्याची पिल्लं झाली, त्यातली काळी काढली, सोनेरी ठिवली. पुन्यांदा काळी काढली. तू करतीयास त्येच."

"किती वर्सं?"

"हजार."

"मग ह्या आषाढात काय उरकतंय!" रंगूबाई म्हणाली आणि चाळण बुडवली. खरं तर तिचं माशांकडे लक्षच नव्हतं. आल्यापासून पोरगं एका दमात एवढं पहिल्यांदाच बोललं होतं, आणि तिचा ऊर भरून आला होता. ही खोट निघाली की उरलेला अर्जुनाही येईल, अशी तिची खात्री पटली. तिनं कुंड पार साफ केलं. खाली फक्त ते दोन दागिने राहिले.

दिवाळी झाली. एका सकाळी अर्जुनानं मोट ओतली, आणि थारोळ्यात पाण्याबरोबर एक सोनेरी मासा धप्पकन पडला.

"आये! आये, पळ!"

रंगूबाई पळत आली. विहिरीत डोकावून पाहिलं तर उन्हाच्या कवडशात सोनेरी पाठीच पाठी. टाकून दिलेली काळी पोरं चार महिन्यांत आपली आपणच पिवळी झाली होती. दोन-चार मात्र होती तशीच काळी, आणि मजेत. हजार वर्षांचा हिशोब सांगणारा चिनी बुवा पिल्लं उशिरा रंगतात हे सांगायला विसरला होता, किंवा अर्जुना ऐकायला.

सिद्धू धावत आला. त्यानं कौलही लावला नाही. "पावली! नवस पुरता फिटला, रंगूबाई," असं त्यानं बांधावरूनच जाहीर केलं आणि पाटीभर मासे पुन्हा कुंडात नेले.

त्या दिवशी रंगूबाईनं पुरण घातलं आणि चुलीशी बसून वाट पाहिली. अर्जुना आला, भिंतीला पाठ लावून बसला, मुकाट्यानं जेवला. ताट घासलं, पालथं घातलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. मासे रंगले होते, देवीकडे काही बाकी नव्हती, आणि पोरगं होतं तेवढंच होतं.

रंगूबाई देवळात गेली. गाभाऱ्यापुढं उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "आई, तुझं-माझं फिटलं. माझ्या पोराचं जे तिकडं ऱ्हायलं आसंल, ते तिकडंच सांबाळ. त्येची वाट न्हाई बघत आता मी. आलंय तेवढं माझं."

सिद्धू समई पुसत होता. "आता आनी काय मागितलंसा?"

"मागितलं न्हाई, गुरव. सोडून आले," असं म्हणून ती घराकडे चालू लागली.

सिद्धूनं कुंडावर जाऊन वाकून पाहिलं, बाईनं आता आणखी काय सोडलं म्हणून.