घासलेली शेपटी

गवती घुबडाच्या पिसांच्या अभ्यासात धाकटीने उभी हयात घालवली, पण जिवंत गवती घुबड तिने कधी पाहिलं नव्हतं. भुसा भरलेली, संग्रहालयाच्या खणात उताणी निजवलेली, डांबरगोळ्यांच्या वासाची तेवढी तिच्या ओळखीची. आता तिच्या उजव्या डोळ्याच्या मधोमध धुरकट ठिपका आला होता. डावाही फार काळ साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. परदेशात संसार थाटलेल्या ताईने हे ऐकलं आणि फोनवरच फर्मावलं, "आमच्या गावाबाहेर गवताळ रान आहे. तिकीट काढ आणि ये."

पहिले काही दिवस रानात ससे दिसले, एक कोल्हा दिसला, घुबड काही दिसेना. ताईने ठरवलेला वाटाड्या मान हलवायचा. त्याची भाषा धाकटीला कळत नव्हती. तो बोलेल ते ताई मराठीत सांगायची, आणि सख्ख्या बहिणीचा शब्द कोण पारखून घेतो?

मग एके सकाळी वाटाड्याने बोट दाखवलं. कुंपणाच्या खांबावर ते बसलं होतं. अर्ध्या कापलेल्या सफरचंदासारखा पांढरा चेहरा, काळेभोर डोळे. पाय गवतात झाकलेले. धाकटीने दुर्बीण डाव्या डोळ्याला लावली. शेपटीची टोकं झाडूसारखी घासलेली दिसली, डाव्या पंखातलं एक पीस मध्येच मोडलेलं. अशी शेपटी पिंजऱ्यातल्या पक्ष्याची होते, हे तिने वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं होतं. त्या दिवशी मात्र तिने स्वतःचीच समजूत घातली, की खरखरीत गवतात बसून घासली असेल. मग तिला दुर्बीण धरवेना. ती हमसून हमसून रडली. ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. वाटाड्या मात्र पाठ करून उभा राहिला.

दुपारी दोघी बाजारात गेल्या. किल्ल्या बनवणारा, न्हावी, फळांची गाडी, आणि त्यापलीकडे पाळीव पक्ष्यांचं दुकान. दाराशी दांडीवर ते घुबड बसलं होतं, पायात चामड्याची वादी. धाकटीने आधी पंख पाहिला, मग शेपटी. दुकानदार ताईला पाहून ओळखीचं हसला आणि काहीतरी बोलला.

"काय म्हणाला?"

"काही नाही गं. पोपट हवाय का, विचारतोय."

दुकानात एकही पोपट नव्हता.

धाकटीने नुसतं घुबडाच्या पायाकडे बोट केलं. ताईचा चेहरा उतरला. न्हाव्याच्या दाराशी बाकडं होतं, त्यावर ती बसली आणि सगळं सांगत गेली. रानात घुबडं आहेत हे खरं, पण दिसतीलच याची खात्री वाटाड्या देईना. शेवटी दुकानातलं घुबड खांबावर बसवायची युक्ती तिनेच काढली होती.

"इतक्या लांबून आलीस, मास्तरीणबाई. तुला तशीच कशी परत पाठवू? आणि तुझा आनंद तर खरा होता ना?"

"मी रडत होते तेव्हा तुला माहीत होतं."

ताईने तिचा हात धरला. धाकटीने तो सोडवून घेतला.

"त्या वाटाड्याला निदान तोंड फिरवावंसं वाटलं."

उरलेले दिवस धाकटी रानात गेली नाही. ताईने रोज आवडीचं रांधलं, दोघींनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. निघायच्या दिवशी संध्याकाळी टॅक्सी रानाच्या कडेने चालली होती. ताई एकदम पुढे झुकली, धाकटीचं मनगट धरून म्हणाली, "अगं, ते बघ. गवतावरून उडत चाललंय. तुझी शपथ."

धाकटी वळली, पण खिडकीकडे नाही. आधी तिने ताईचा चेहरा निरखला, आता याच्यात काय दडलंय ते शोधत. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. मग तिने बाहेर पाहिलं.

गवताचे शेंडे नुसते डुलत होते.