डोंगरातलं कासव

"कासव या एका शब्दात आपल्या पूर्वजांचं सगळं ज्ञान साठलेलं आहे," असं सावळाराम मास्तरांनी भरल्या देवळात जाहीर केलं, तेव्हा कासव त्यांच्या उपरण्याचं टोक खात होतं.

भाटघरच्या नव्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा गावानं पिंड उचलली, नंदी उचलला, घंटाही उचलली. देवापुढचं दगडी कासव तेवढं फरशीत बसवलेलं. ते पाण्याखाली गेलं. माळावर नवं देऊळ झालं. पण कासवाला हात लावल्याशिवाय देवाला हात जोडायचे कसे? शेवटी रायबा धनगरानं वेल्ह्याकडच्या डोंगरातून एक जिवंत कासव घोंगडीत घालून आणलं. अडचण एवढीच, की ते चालत होतं. कोंडिबा गुरव त्याचं तोंड देवाकडे करी, ते दाराकडे वळे. ते तुळशीकडे निघालं की दर्शनाची रांगही तुळशीकडे निघे.

रांगेत सगळ्यात पुढं भामाबाई. दर्शनाशिवाय त्यांचा सोमवार सुटत नसे, आणि दिवस कलला होता. त्या वाकून हात लावणार, तोच मास्तर आडवे आले आणि त्यांनी पूर्वजांचं ज्ञान काढलं.

"मूळ शब्द कच्छप," उपरणं सोडवून घेत ते म्हणाले. "कच्छ म्हणजे पाणथळ काठ, प म्हणजे पिणारा. काठावर राहून पाणी पितं, ते कासव. हे तर डोंगरावर राहतं."

"मंग ह्येला काय म्हनायचं?" रायबानं विचारलं.

"ते शोधावं लागेल."

"दिवा लागायच्या आत घावंल का?" भामाबाई म्हणाल्या.

कोंडिबानं तोड काढली. पाणी ठेवून बघायचं. प्यालं तर कासव. परात आली. कासव परातीत चढलं, पलीकडून उतरलं आणि ओल्या पायांनी जाऊन भामाबाईंच्या नैवेद्यातली काकडी खाऊ लागलं.

"प्यालं नाही," मास्तर म्हणाले.

"काकडीत पानीच असतंय की," कोंडिबा म्हणाला.

झालं. गावात दोन तट पडले. काकडी खाणं हे पिणं धरायचं की नाही, यावर उत्रोलीहून आलेल्या पाहुण्यांचंही मत घेतलं गेलं. तोवर काकडी संपली आणि कासव उंबऱ्याकडे निघालं. भामाबाई त्याच्यामागं दारापर्यंत रांगत गेल्या आणि कंबरेवर हात ठेवून तिथंच बसल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "ह्ये कासव हाय का न्हाई, ते तुमी सावकाश ठरवा. तवर जरा धरून ठेवा, मी हात लावून घेते."