थेल्माच्या वाटेवरचा शिंपला

मी कालवाचा शिंपला बोलतोय. हो, तोच. लिंबू पिळून आतलं कालव गट्टम केलं की तुम्ही ज्याला बाजूला टाकता, तो मी.

माझा जन्म अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या एका लहानशा खाडीत झाला. कोवळा होतो तेव्हा नुसता तरंगत होतो, कुठे टेकावं ते कळेना. शेवटी तळाच्या एका जुन्या शिंपल्याला चिकटलो आणि तिथेच वाढलो. ओढ्यांचं गोडं पाणी, समुद्राचं खारं पाणी, दोन्ही माझ्या तोंडातून आत-बाहेर करायचं. गाळ माझ्या पोटात जायचा, पाणी निवळायचं. एवढंच माझं काम. बाकी वेळ झोप.

एका हिवाळ्यात ओटिस नावाच्या कोळ्याच्या लांब चिमट्याने मला वर ओढलं. आतला जीव बाजारात गेला, त्यावर तर गावाच्या चुली पेटायच्या. मी पडलो ओटिसच्या दारातल्या चिखलावर. तिकडे सगळ्यांची तीच रीत, कालवं विकायची आणि शिंपले पसरून वाट करायची. बायकोचे, थेल्माचे, पाय रुतू नयेत म्हणून ओटिस दर हिवाळ्यात नवा थर घालायचा. संध्याकाळी तो परतला की आम्ही करकरायचो, आणि आत थेल्मा तेलात मासा सोडायची.

पुढे ओटिस गेला. पावसात वरच्या शेतांतलं कोंबडीखताचं तपकिरी पाणी माझ्या अंगावरून खाडीकडे पळायचं. तळाशी नुसता चिखल साचला. कालवं संपली, तशा होड्याही विकल्या गेल्या.

ओटिसचा भाचा वेंडेल तेवढा हटून बसला होता.

"मामी, वाटेवरचे शिंपले दे ना. खाडीत टाकतो. कालवाच्या पिल्लांना टेकायला काहीतरी टणक लागतं गं."

"माझ्या नवऱ्याची वाट उकरणार तू? मेल्या, आधी होडीचं इंजिन सुरू करून दाखव!"

"ते पण करतो. पण शिंपले?"

"अजून कुणी आलं की ही वाट करकरते, आणि मला वाटतं तोच आला. मी मेल्यावर ने."

वेंडेल परत निघाला. त्याचं उतरलेलं तोंड तिला बघवेना. ती वाकली आणि तिने मला उचललं.

"हा एक घे. आणि पुन्हा विषय काढू नकोस."

त्या उन्हाळ्यात त्याने मला जाळीच्या पिशवीत घालून धक्क्याखाली सोडलं. पाणी अंगाला लागलं आणि मला रडू फुटलं; खाऱ्या पाण्यात ते कुणाला दिसणार म्हणा! भरती यायची, ओहोटी लागायची. मी जागा होतो की झोपेत, सांगता येणार नाही. एकदा मोहरीएवढं काहीतरी हळूच पाठीला टेकलं. मग आणखी एक.

पानगळ सुरू झाल्यावर वेंडेलने मला बाहेर काढून मामीच्या तळहातावर ठेवलं. माझ्या अंगावर नखाएवढी कालवं दाटीवाटीने बसली होती. थेल्मा बघतच राहिली. त्या घरात पाळणा कधी हलला नव्हता.

"ओटिस," ती हलकेच म्हणाली, "झाली रे पोरं आपल्याला."

मग डोळे पुसून भाच्यावर खेकसली, "उभा काय राहिलास? फावडं आण!"

आता मी तळाशी आहे, सगळी वाट माझ्या सोबत आहे. वरून तपकिरी पाणी अजून येतंच. शेतकरीदादांनो, जरा जपून सोडा. पोरं लहान आहेत, सगळं गाळून होत नाही त्यांना.

थेल्मा रोज चिखल तुडवत धक्क्यावर येते, वाकून पाण्यात बघते. आम्ही तिला दिसत नाही. तरी ती विचारते, "जेवलात का रे?"