गोऱ्यांनी आज फक्त ऐकायचं

आमची आई काळ्यांतली, वडील गोऱ्यांतले. मी आईवर गेले, धाकटी वडिलांवर. दोघी शेजारी उभ्या राहिलो की लोक तिला मालकीण समजतात आणि मला तिची पिशवी धरणारी. तिने कधी मिरवलं नाही, पण मला राग यायचा. अजूनही येतो, खोटं कशाला बोलू.

तरी त्या दिवशी लाँड्रीतून सुट्टी काढून मीच तिला महिला संघटनेत घेऊन गेले. तिचा नवरा तिला मारायचा. संघटनेच्या निवाऱ्यात एक खोली रिकामी होती. पण तिथली रीत अशी, की जिला खोली हवी तिने सभेत उठून स्वतःच्या तोंडाने मागायची. कुणी फूस लावून आणलेली नाही हे सगळ्यांना कळावं म्हणून. आणि आमची धाकटी म्हणजे परक्या घरी पाणी मागायलाही लाजणारी.

"ताई, तू नुसती शेजारी बस," ती जिन्यात म्हणाली. "तुझा हात धरून बोलेन मी."

वर गेलो तर एका सभेच्या दोन सभा झालेल्या. संयोजकबाईंनी दारातच समजावलं. आजवर सभेत गोऱ्या बायका बोलायच्या आणि काळ्या बायका माना डोलवायच्या. म्हणून आज काळ्या बायकांनी या खोलीत मोकळेपणाने बोलायचं, आणि गोऱ्यांनी पलीकडच्या खोलीत बसून ते स्पीकरवर फक्त ऐकायचं. मधे तोंड घालायचं नाही.

मला पटलं. मनातून बरंही वाटलं. एवढ्यात संयोजकबाईंनी धाकटीच्या पाठीवर हात ठेवून तिला पलीकडे नेलं, मला अलीकडे बसवलं, आणि माझं डोकं चालेनासं झालं. अहो, ही माझी सख्खी बहीण, असं म्हणायला एक क्षण लागला असता. पण सगळ्या इतक्या प्रेमाने हसत होत्या की तो क्षण निघून गेला.

माझी पाळी आली. माझं स्वतःचं काय सांगू? उभी राहिले आणि धाकटीचं सांगितलं. तिचा सुजलेला दंड, दाराला बाहेरून लावलेली कडी, शेजाऱ्यांनी मुद्दाम मोठा केलेला टीव्ही. एक आजी डोळे पुसत म्हणाल्या, "आपल्या पोरींच्याच नशिबी हे." माझी बहीण गोरी आहे, हे तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. जन्मात पहिल्यांदा एवढ्या जणी माझं ऐकत होत्या. मग टाळ्या पडल्या.

सभा संपल्यावर धाकटी भराभर जिना उतरली. मी तिला बसथांब्यावर गाठलं.

"तू बोललीस का नाहीस गं?"

"आम्ही ऐकायचं होतं ना."

"अगं, तुला खोली मागायची होती!"

"तुझं सगळं ऐकलं मी. छान बोललीस," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "माझ्या शेजारची बाई रडत होती. मला म्हणाली, बिचारी कुठे असेल हो ती काळी पोर? आपण तरी सुखात आहोत."

चूक कुणाची म्हणायची? संयोजकबाईंचा नियम तर बरोबर होता. आजींचं रडणं खरं होतं. शेजारच्या बाईचंही खरं होतं. मग माझी बहीण रस्त्यावर कशी?

"चल परत वर," मी तिचा दंड धरला. ती कळवळली, तेव्हा लक्षात आलं तो कुठला दंड ते. "आत्ताच्या आत्ता सांगू त्यांना."

"कुठल्या खोलीत?"

ती खरंच विचारत होती. लहानपणी पत्ता विचारायची तशी, मला ठाऊक असणारच अशा भरवशाने. आणि मी, हिची थोरली बहीण, त्या दोन खोल्यांच्या खिडक्यांकडे आळीपाळीने बघत राहिले.

तिची बस आली. तिने हळूच दंड सोडवून घेतला, माझ्या गालाला हात लावला आणि नवऱ्याच्या घरी जायला बसमध्ये चढली.