एक्केचाळीस, छत्तीस, सत्तेचाळीस

आमच्या प्रयोगशाळेतल्या काळ्या पेटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. ‘झाकण उघडण्याआधी व्होल्टेज बंद करा. हे वाक्य दोनदा वाचा.’ अक्षर माझं. वय एकोणीस वर्षं, म्हणजे चिठ्ठीचं. या एकोणीस वर्षांत जे विद्यार्थी घाईघाईने पेटीकडे गेले, त्यांना मी तिच्यासमोर उभं करून हे वाक्य मोठ्याने वाचायला लावलं. त्यातले दोघे आता हुद्द्याने माझ्या वर आहेत आणि अजूनही त्या पेटीजवळून जाताना नजर खाली घालतात.

पेटीच्या आत डिटेक्टरची ट्यूब असते. ही बया इतकी हळवी की प्रकाशाचा एकुलता एक कण आला तरी तिला कळतं. कळलं की ती ‘टिक’ म्हणते. पण व्होल्टेज चालू असताना तिच्यावर खोलीतला साधा उजेड पडला, तर ती कायमची कामातून जाते.

क्वांटम महोत्सवाच्या पहिल्या दिवशी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, व्होल्टेज चालू असताना मी ते झाकण उघडलं.

कारण सांगतो. तुम्हाला माझी थोडीफार कीव येत असेल तर तीही जाईल. संचालकबाईंनी फोटोग्राफर पाठवला होता. त्याने पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, “सर, डबा बंद असला की फोटोत मजा येत नाही. आत काही चमकतं का?”

“चमकतं की,” मी म्हणालो. कॉलर नीट केली, पोट आत घेतलं आणि झाकण उचललं. फोटो उत्तम आला. मी हसतोय, ट्यूब चमकतेय, आणि आम्हा दोघांच्या मधोमध चिठ्ठी. अक्षर वाचता येतं.

फोटोग्राफर गेल्यावर मी झाकण लावून स्पीकर चालू केला. तापलेल्या तेलात पाणी पडावं तसा तडतडाट सुरू झाला. दहा सेकंदांत चाळीसेक ठोके यायला हवेत, तिथे आकडा मोजायच्या पलीकडे पळत होता. मी खुर्चीवर बसलो. तेवढ्यात दारातून मांजर आत आलं.

मांजर म्हणजे आमचे भांडारपाल. पेटीतल्या मांजराचा तो प्रसिद्ध विचारप्रयोग मुलांना समजावा म्हणून संचालकबाईंनी मांजराचा वेष भाड्याने आणला होता आणि तो ज्याच्या अंगाला बसला त्याला मांजर केलं होतं.

“दुसरी ट्यूब आहे?” मी विचारलं.

मांजराने डोकं काढून काखेत धरलं. “तुम्हीच म्हणाला होतात ना, माझ्या हातून ट्यूब जात नाही, जादा मागवू नका? आता मागवली तर दीड महिना.” मग माझा चेहरा बघून हळूच म्हणाले, “गेली? कोणी घालवली?”

“गेली,” मी म्हणालो. दुसरा प्रश्न मी ऐकलाच नाही.

आता रविवारबद्दल सांगायला हवं. रविवारी मी रंगीत तालीम घेतली होती आणि नेहमीप्रमाणे दोन मिनिटांची नोंद संगणकात ठेवली होती. दर दहा सेकंदांना एक आकडा, असे बारा आकडे, सोबत टिकटिक. तालमीला प्रेक्षक एकच, माझी भाची. नववीत आहे. घरी तिला सगळे तपासनीस म्हणतात, कारण दूध उतू गेलं तर ती आधी वेळ लिहून ठेवते आणि मग गॅस बंद करते. तिला मी संस्थेची वही दिली होती, प्रत्येक पानावर छापील नंबर असलेली, म्हणजे पान फाडलं तर पकडलं जावं अशी. तिने बारा आकडे उतरवून घेतले आणि विचारलं, “मामा, पुन्हा मोजलं तर हेच येतील?”

“छे! पुढचा कण केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नसतं. त्या कणालाही नसतं. सरासरी तीच राहील. पण हेच बारा आकडे, याच क्रमाने? जगाच्या सुरुवातीपासून मोजत बसली असतीस तरी एकदा जुळायची खात्री नाही.”

तिने ते वाक्य लिहून घेतलं. खाली तारीख, आणि कंसात ‘मामा’.

दहा वाजता पहिली शाळा आली. सोबत संचालकबाई आणि पाहुणे. मी स्वतःला समजावलं, एवढी एक तुकडी नोंदीवर काढू, मग सांगू. दिवे मंद केले, नोंद लावली. टिक. टिकटिक. टिक. “मुलांनो, हा आवाज म्हणजे आत्ता, या क्षणी, प्रकाशाचा एक कण येऊन पोचला!” मुलांनी श्वास रोखला. पाहुण्यांनीही. संचालकबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “आज तुमचं यंत्र कसं अगदी शिस्तीत वागतंय!”

दुसऱ्या तुकडीला मी अधिक रंगलो. चौथा आकडा लहान येतो हे पाठ झालं होतं, म्हणून आधीच म्हणालो, “निसर्ग कधीकधी दम घेतो हं.” आणि निसर्गाने दम घेतला. टाळ्या पडल्या. लाज वाटली का? वाटली. पण टाळ्यांच्या आवाजात ती नीट ऐकू आली नाही.

तिसऱ्या तुकडीत भाची होती.

शाळेच्या गणवेशात ती पहिल्या रांगेत बसली. सगळ्यांना छापील कागद दिले होते, त्यावर बारा चौकटी. वर लिहिलेलं: ‘तुमचे स्वतःचे निरीक्षण. चुकलेला आकडा पुसू नये. एकच रेघ मारावी, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही करावी.’ नियम माझेच. तिने कागद बाजूला ठेवला आणि वही उघडली. तिला वहीतच लिहायची सवय आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. खरं सांगायचं तर रविवारी तिने हेच आकडे उतरवून घेतले होते, हे मी पार विसरलो होतो.

एक्केचाळीस. छत्तीस. सत्तेचाळीस. तेहेतीस.

ती लिहीत होती. पाचव्या आकड्याला तिचं पेन थांबलं. सहाव्यापासून ती लिहीतच नव्हती, नुसती बोटाने जुन्या रकान्यावरून खाली येत होती आणि प्रत्येक आकडा पडद्यावर यायच्या आधी तिचे ओठ हलत होते. चव्वेचाळीस. एकोणचाळीस. अख्ख्या सभागृहात पुढचा आकडा ठाऊक असलेली आम्ही दोनच माणसं होतो.

“काही शंका?” तिच्या बाईंनी विचारलं.

तिने हात वर केला. उभी राहिली. घरी ती मला अरेतुरे करते. “सर,” ती म्हणाली, “हेच बारा आकडे, याच क्रमाने, आधी कधी आले असतील, असं होऊ शकतं का? तुम्ही सांगा.”

तिने मला दार उघडून दिलं होतं. त्या ‘तुम्ही सांगा’मध्ये आरोप नव्हता, विनंती होती. मी म्हणू शकलो असतो: मुलांनो, ही नोंद आहे, यंत्र सकाळी माझ्या हातून गेलं. आठ-नऊ शब्द. पण मागच्या भिंतीला टेकून संचालकबाई उभ्या होत्या.

“छान प्रश्न!” मी म्हणालो. आमच्या धंद्यात उत्तर नसलं की प्रश्नाला छान म्हणतात. “तर बाळ, क्वांटमच्या जगात शक्यता शून्य कधीच नसते.”

आणि वर डोळे मिचकावले. सभागृह हसलं. मागून कोणीतरी म्हणालं, “बस खाली, तपासनीस!” म्हणजे शाळेतही तिला तेच म्हणत होते तर. तिचे कान लाल झाले. ती खाली बसली, माझं वाक्य वहीत लिहिलं, तारीख घातली. कंसात काय लिहिलं ते मला तिथून दिसलं नाही.

यानंतर मी पुढच्या चार तुकड्यांना तीच नोंद दाखवली. हे सांगायलाच हवं, नाहीतर भाचीच्या एका नजरेने मी सुधारलो असं तुम्हाला वाटेल. शेवटच्या तुकडीनंतर मांजर आलं. हातात कागदांची चळत.

“सर, दोनशे ऐंशी कागद आहेत. सगळ्यांवर एकच आकडे. मला विज्ञानातलं कळत नाही, पण भांडारात दोनशे ऐंशी जणांची एकच सही आली असती तर मी पोलीस बोलावले असते.” मग डोकं घालून ते निघून गेले. मांजराकडून बोलणी खाणं हा अनुभव क्वांटमच्या पुस्तकांत कुठे दिलेला नाही.

साडेपाचला मी ताईकडे गेलो. ताईने दारातच कौतुक सुरू केलं. “काय रे, गाजवलंस म्हणे! हिच्या बाईंचा फोन होता. आणि ही बघ, आल्यापासून तोंडाला कुलूप. तुझा अभिमान वाटायला हवा, तर तिसरंच.” चहा ठेवायला ती आत गेली.

भाची टेबलाशी भूमितीची आकृती काढत होती. वर न बघता म्हणाली, “या सर. बसा.”

“अगं, ट्यूब गेली.”

“कधी?”

“सकाळी. पहिल्या तुकडीच्या आधी.”

“कशी?”

मी कॉलर नीट केली. तिने कंपास खाली ठेवला. “झाकण? व्होल्टेज चालू असताना?”

“फोटोसाठी,” मी म्हणालो. हा शब्द इतका लहान असेल असं मला वाटलं नव्हतं.

तिला हसू आलं नाही. मला आशा होती. “ट्यूबचं काही नाही,” ती म्हणाली. “ट्यूब जाते. मला वाटलं मीच रविवारी चुकीचं लिहिलं. दुपारभर मला तेच वाटत होतं. मी डब्याच्या सुट्टीत पण जुळवून बघत होते. तुम्ही म्हणालात ना शक्यता असते, मग मी कोण?”

मग तिने दप्तरातून वही काढून माझ्यापुढे सरकवली. “ही तुमची. मला नको.”

“अगं, भेट दिलेली आहे तुला.”

“हिच्यात खरं लिहायचं असतं, असं तुम्हीच सांगितलंत. आता मला कुठलं पान खरं ते कळत नाही.”

ताई चहा घेऊन आली. म्हणाली, “काय, मामा-भाचीचं काय गुफ्तगू चाललंय?” मी चहा प्यायलो. साखर नव्हती, ते ताईलाही कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या दिवशी मला बऱ्याच गोष्टी न सांगायची सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी समारोप. सातही शाळा पुन्हा आलेल्या. व्यासपीठावर मागे फलक होता, वीस फूट रुंद. त्यावर मी. पोट आत, कॉलर नीट, झाकण उघडं. चिठ्ठीचं एकेक अक्षर वीतभर: झाकण उघडण्याआधी व्होल्टेज बंद करा. हे वाक्य दोनदा वाचा.

मला चार शब्द बोलायला उभं केलं. मी म्हणालो, “माझ्या मागची चिठ्ठी सगळ्यांनी मोठ्याने वाचा.” मुलांनी वाचली. “पुन्हा.” पुन्हा वाचली. “आता फोटो बघा. काल सकाळी नऊ-दहाला मी हे केलं. यंत्र तेव्हाच मेलं. दिवसभर तुम्ही जे ऐकलंत ती रविवारची नोंद होती. मी तुम्हाला ‘आत्ता, या क्षणी’ असं सात वेळा सांगितलं. सातही वेळा खोटं होतं. तिसऱ्या तुकडीत एका मुलीने हे पकडलं आणि मला विचारलं. मी सगळ्यांना तिच्यावर हसायला लावलं. ती बरोबर होती.”

संचालकबाईंनी हातातली फुलं आधी उजवीकडे, मग डावीकडे धरली. मांजर तेवढं सरळ उभं होतं.

“कागद परत वाटले आहेत,” मी म्हणालो. “पुसू नका. एकच रेघ मारा. शेजारी लिहा, ‘निरीक्षण नव्हे’. सही करा.”

पेन्सिली सुरू झाल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका चिरंजीवांनी शेजाऱ्याला विचारलेलं मला व्यासपीठावर ऐकू आलं, “म्हणजे हे काका खोटारडे आहेत का?” शेजारी म्हणाला, “काल होते.” मला वाटलं, पोरगा उदार आहे.

खाली उतरलो तर भाची वाटेत उभी. हात पुढे. “वही?”

मी दिली. रात्री मी त्या पानावर माझं काम करून ठेवलं होतं. ‘शक्यता शून्य कधीच नसते’ या वाक्यावर एक सरळ रेघ, शेजारी सही, तारीख. तिने बघितलं. कंसात तिने काहीच लिहिलं नव्हतं, हे मला रात्रीच दिसलं होतं. कंस रिकामा होता.

“हे कशाला खोडलंस?” ती म्हणाली. “हे वाक्य तर बरोबर आहे, मामा.”

चूक सुधारतानाही मी चुकीचीच जागा धरली होती.

“चूक वाक्यात नाहीये. ते तू कधी म्हणालास आणि का म्हणालास, त्यात आहे. ते लिही.” तिने पेन दिलं.

मी समासात लिहायला घेतलं. फोटोपासून सुरुवात केली. संचालकबाईंपर्यंत येईतो समास संपला. भाचीने वाकून वाचलं, पान उलटलं आणि कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं.

“इथे खूप जागा आहे,” ती म्हणाली.