भागीरथाबाईंची एबीसीडी

अमरावतीच्या कापड बाजारामागच्या पार्किंगवर भागीरथाबाई एकोणीस वर्षं पावत्या फाडत होत्या. फाडत होत्या म्हणजे नुसत्या फाडत नव्हत्या, प्रत्येक पावतीवर गाडीचा पूर्ण नंबर लिहून देत होत्या. बाकीचे शेवटचे चार आकडे खरडायचे आणि मोकळे व्हायचे. बाई मात्र एमएच सत्तावीसपासून सुरुवात करायच्या, मग मधली दोन अक्षरं, मग आकडे, आणि तेही असे टपोरे की गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी त्याला थांबावंच लागायचं. कुणी कुरकुर केलीच तर मान वर न करता विचारायच्या, गाडी तुमची पूर्ण आहे ना, मग नंबर अर्धा काहून लिहू?

आता यातली गंमत अशी की बाईंची शाळा तिसरीतच सुटलेली. इंग्रजीचं एकही अक्षर त्यांनी कधी पाटीवर गिरवलेलं नव्हतं. नवरा धर्मपाल याच पार्किंगवर होता. तो गेला आणि त्याच्या जागी बाई उभ्या राहिल्या, तेव्हा सुरुवातीला त्या अक्षरं नुसती बघून बघून उतरवून काढायच्या. मग ज्याची गाडी त्यालाच विचारू लागल्या, हे कोणतं हो अक्षर? लोक सांगायचे. आरटीओनं नवी सिरीज काढली की बाईंचा नवा धडा सुरू व्हायचा. अशी एकेक सिरीज करत त्यांनी अख्खी एबीसीडी पाठ केली. कोणत्या वर्षी कोणती अक्षरं लागली, हे त्यांना घरातल्या लग्नांच्या सालांसारखं लक्षात होतं. या विद्येचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नव्हत्या. लपवावा तरी कशाला? कुणाची शिकवणी लावून तर मिळवली नव्हती.

यंदाच्या उन्हाळ्यात शहरात पार्किंगचं अ‍ॅप आलं. नाव काय, तर 'सुस्थळ'. नाव ठेवणाऱ्यानं लग्न जुळवायचं अ‍ॅप काढलंय असंच लोकांना आधी वाटलं. पैसे मोबाइलवरून भरायचे, पावती बंद. पार्किंगवरच्या माणसानं हातातल्या फोननं नंबरपाटीचा फोटो काढायचा. पैसे भरले असतील तर हिरवं, भरले नसतील तर पिवळं, आणि नंबरच बोगस असेल तर लाल. लाल आलं की चाकाला जॅमर ठोकायचा आणि पोलिसांना कळवायचं.

हे सगळं शिकवायला कंपनीनं किशोरला पाठवलं होतं. पोरगा मूळचा अकोल्याचा, पण चार वर्षं पुण्यात राहून बोलण्याला कडक इस्त्री करून आलेला. त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की पार्किंगवरच्या चौघांपैकी तिघांनाच ठेवायचं आहे, शनिवारी कंपनीच्या मोठ्या साहेबांसमोर परीक्षा होईल. चौघांत भागीरथाबाई सगळ्यांत वयस्क, आणि घरी कमावणाऱ्या त्या एकट्या.

सोबतची गीतांजली बीए झालेली, फोनवर तिची बोटं भरभर चालायची. तिनं चार दिवस बाईंना बसवून फोटो काढायला शिकवलं. बाईंना ते जमलंही. नंबरपाटीसमोर त्या फोन असा स्थिर धरायच्या की गीतांजलीच म्हणाली, मावशी, आता तुमचं कोणी काही वाकडं करू शकत नाही.

पण शनिवारी घोडं फोटोपर्यंत गेलंच नाही. किशोरनं प्रत्येकाच्या हातात एक ओळखपत्र दिलं आणि त्यावरचं नाव फोनमध्ये टाकून अ‍ॅप उघडायला सांगितलं. ओळखपत्रावर इंग्रजीत 'भागीरथा' लिहिलेलं. बाईंनी एकेक अक्षर बघून दाबलं. फोन म्हणाला, नाव चूक. पुन्हा दाबलं, पुन्हा चूक. तिसऱ्यांदा फोन बंदच पडला. किशोरनं वाकून पाहिलं. बाईंनी नावाच्या मधल्या उभ्या काठीला एकाचा आकडा समजून तिन्ही वेळा एक दाबला होता.

'मावशी, तुम्हाला एबीसीडी येते ना?' त्यानं विचारलं.

येते म्हणजे काय, बाईंनी मान ताठ केली. त्यानं म्हणायला सांगितली. साहेब खुर्चीत बसलेले, आजूबाजूला बाजारातले दहापंधरा जण. बाईंनी खणखणीत आवाजात सुरू केलं. ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच, जे, के, एल, एम, एन, पी...

लोक हसले. आधी एक जण, मग सगळेच. आपण काय चुकलो ते बाईंना कळेना. त्यांनी तशीच झेडपर्यंत म्हणून पूर्ण केली, आणि मगच थांबल्या. तोंड तापलं होतं. एकोणीस वर्षांत त्यांना कुणी अडाणी म्हटलं नव्हतं, ते आज भर बाजारात म्हटलं गेलं, तेही तोंडानं न म्हणता. गीतांजलीनं जवळ येऊन हळूच सांगितलं, 'मावशी, तुमच्यात आय अन् ओ नाही आले.' बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ही दोन अक्षरं कुठली?

किशोरनं कागदावरच्या त्यांच्या नावावर रेघ मारली. मावशींनी आता आराम करावा, असं तो अगदी सभ्यपणे म्हणाला. बाई लिंबाखालच्या ओट्यावर जाऊन बसल्या. घरी गेल्या नाहीत, कारण ड्यूटी सहा वाजेपर्यंत होती.

दुपारी किशोर साहेबांना घेऊन गाड्यांच्या रांगेतून फिरू लागला. हिरवं, हिरवं, पिवळं, आणि एका जुन्या मोटरसायकलवर एकदम लाल. किशोरला आनंदच झाला. बघा साहेब, तो म्हणाला, बीओ सिरीजचा हा नंबर सरकारी यादीत नाहीच, म्हणजे पाटी खोटी. सकाळपासून अशी ही सातवी गाडी. चाकाला जॅमर बसला.

तेवढ्यात गाडीचा मालक आला. अचलपूरचे नत्थुजी, सोबत बायको गोदाबाई. गोदाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पट्टी बदलायला दोघं दवाखान्यात आले होते. नत्थुजी सांगत होते की गाडी दहा वर्षांपासून माझी आहे, सकाळी या पोरीनंच मले मोबाइलवरून पैसे भरून देले. गीतांजलीनं मान हलवली. पण किशोर ऐकेना. कागदपत्रं अचलपूरला घरी होती. चोरीच्या गाड्यांना अशाच पाट्या लावतात, असं किशोरनं साहेबांना समजावून सांगितलं आणि पोलिसांना फोन लावायला घेतला. गोदाबाई डोळ्यावर पदर धरून उन्हात उभ्या. दहा वर्षं संसार ओढलेली गाडी, आणि त्यावर चोरीचा शिक्का बसत होता.

भागीरथाबाई ओट्यावरून उठल्या.

'साहेब, बीओ शिरीज निंगालीच नाही,' त्या म्हणाल्या. 'बीएन संपली अन् एकदम बीपी लागली. मी सोता लिवली हाय.'

किशोर हसला. म्हणाला, साहेब, मावशींना मुळात ओच माहीत नाही, सकाळी आपण ऐकलंच.

'नसंल मले माहीत,' बाई म्हणाल्या. 'पण एकोणीस सालांत गाडीच्या नंबरात म्या ते अक्षर एकडाव बी पाह्यलं नाही. आय बी नाही. तुमच्या मशीनले दिसलं, तर मशीनचे डोळे तपासा.'

साहेब शहाणे होते. त्यांनी तिथूनच आरटीओतल्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून त्यानं सांगितलं की सिरीजमध्ये आय आणि ओ ही अक्षरं देतच नाहीत, लोक त्यांना एक आणि शून्य समजतात म्हणून.

बाई पाटीपुढे उकिडव्या बसल्या. पदराचं टोक पाण्यात भिजवून त्यांनी दुसरं अक्षर पुसलं. डाव्या बाजूला साचलेली धूळ निघाली आणि खालून डीची सरळ पाठ वर आली. बीडी. त्यांनी गीतांजलीला फोटो काढायला सांगितलं. हिरवं.

मग बाई थांबल्याच नाहीत. बाकीच्या सहा लाल गाड्यांपाशी त्या फोनशिवाय गेल्या. रंग उडालेल्या, चिखल लागलेल्या पाट्या त्या मोठ्यानं वाचत चालल्या, कुठं डी, कुठं क्यू. सहाही गाड्या खऱ्या निघाल्या. मागून किशोर जॅमर काढत येत होता. शेवटचा जॅमर काढून तो उभा राहिला तेव्हा त्याची पुण्याची इस्त्री पार उतरली होती.

'मावशी, माह्यं चुकलं,' तो म्हणाला.

नत्थुजींनी गाडी सुरू केली. गोदाबाईंनी मागं बसण्याआधी भागीरथाबाईंचा हात हातात घेतला. साहेबांनी किशोरच्या हातातला कागद घेतला, बाईंच्या नावावरची रेघ स्वतः खोडली आणि बजावलं की इथं चौघंही राहतील, आणि भागीरथाबाईंनी पाटी डोळ्यांनी वाचल्याशिवाय अमरावतीत एकाही गाडीला जॅमर लागणार नाही. किशोरनं तर पुढच्या महिन्यात अकोल्याच्या लोकांना शिकवायला या म्हणून आमंत्रणही दिलं. येईन की, बाई म्हणाल्या, अकोल्यावाल्यांना शिकवायचं म्हणजे सुट्टी मोठी काढावी लागेल.

त्या रात्री त्यांना लवकर झोप लागली नाही. धर्मपाल असता तर त्याला काय काय सांगायचं, ते त्या मनात लावत बसल्या होत्या.

आठ दिवसांनी अ‍ॅप सुधारून आलं. आपलं नाव कसं टाकायचं, ते गीतांजलीनं बाईंना शिकवलं, आणि नावातली ती काठीही त्यांनी ओळखून दाबली. मग गाडीच्या नंबराचा रकाना उघडला. खाली अक्षरांच्या चौकटी आल्या. एचच्या बाजूला जे होता, एनच्या बाजूला पी. कंपनीच्या शिकलेल्या पोरांनी मधली दोन अक्षरं काढून टाकली होती. भागीरथाबाईंनी बोट ठेवून एकेक चौकट मोजली. बरोबर चोवीस भरली.